काहूनवाली

अकोल्याच्या जनता बाजारात, मार्चमधल्या एका रणरणत्या दुपारी, एक मुलगी नारळांशी भांडत होती. एक नारळ उचलायचा, तळहातावर आडवा ठेवायचा, तो घरंगळला की तोंड वाकडं करून टोपलीत टाकायचा आणि लगेच दुसरा घ्यायचा. नारळवाल्याचा पारा उन्हाच्याही वर चढला होता.

"मॅडम, घ्यायचा असन तं घ्या ना. त्याले खेळवून काहून राहिल्या?"

"मले उभा राहणारा पाहिजे भाऊ."

"मंग शाळेत जा. तिथं म्हटलं की उभे राहतात."

आजूबाजूचे हसले. प्रणालीच्या नाकाचा शेंडा लाल झाला, उन्हाने की रागाने, कोण जाणे. ती काहीतरी सणसणीत बोलणार, तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक हात पुढे आला. त्या हाताने ढिगातून एकच नारळ उचलला, कानाशी हलवला, अंगठ्याने बूड दाबून पाहिलं आणि तिच्यासमोर धरला.

"हा घ्या. बुडाशी जड, शेंडीकडे निमुळता. हा राहीन उभा."

प्रणालीने वळून पाहिलं. उंच, रापलेला, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डोळ्यांत होतं...

"तुमाले कसं मालूम?"

"तुमाले काहून पाहिजे?"

"मी आधी विचारलं."

"तुमीच नेहमी आधी विचारता," तो म्हणाला. "काहूनवाली ना तुमी?"

आता एवढं सांगायलाच हवं की 'काहून?' हे प्रणालीच्या यूट्यूब चॅनलचं नाव. शहरी मराठीत याला 'का?' म्हणतात. पण 'का' विचारताना माणसाची मान जराशी खाली जाते; 'काहून' विचारताना हनुवटी आपोआप वर येते. प्रणालीची हनुवटी तर जन्मतःच वर होती. ती भातकुलीची. वडील देवमन जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. ती स्वतः अमरावतीत भौतिकशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं निम्मं सामान कपाटात कुलूपबंद, म्हणून तिने प्रयोग मोबाईलवर शोधले. पडद्यावर लोलक ओढून सोडता येतो, तारा जोडून दिवा लावता येतो, अशा साईट. मोठमोठ्या विद्यापीठांची फुकटातली व्याख्यानं. कुणीही उतरवून घ्यावीत अशी पाठ्यपुस्तकं. उपग्रहाने काढलेले आपल्याच तालुक्याचे फोटो. शिकता शिकता तिला राग आला. जगात एवढं सगळं उघडं पडलंय आणि आपल्या माणसांना कुणी त्यांच्या बोलीत सांगत कसं नाही? मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली, ठेवणीतल्या वऱ्हाडीत.

"विज्ञान जरा शुद्ध भाषेत सांगावं," असं तिच्या एका सरांनी सुचवलं होतं.

"सर, पडणारी वस्तू काय आधी व्याकरण तपासते?" असं तिने विचारलं, आणि तेव्हापासून सर तिच्याशी बोलत नाहीत.

प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी ती एकच वाक्य म्हणायची, "माह्यावर भरोसा ठेवू नका. खुद पाहा." आणि खाली, जिथून ती शिकली त्या लिंकांची यादी. त्या लिंका कुणी उघडत नाही हे तिलाही ठाऊक होतं.

"तुमी पाहता माहे व्हिडिओ?" तिने विचारलं. आवाज आपोआप मऊ पडला होता.

"पाहतो. अन् खालच्या लिंका उघडतो."

"कोनत्या?"

"सगळ्या."

मुलींना मुलांनी काय काय म्हटलेलं आवडतं याची यादी कुणी केलीच, तर त्यात हे वाक्य नक्की नसेल. पण प्रणालीच्या छातीत मात्र काहीतरी लक्कन हललं.

"सगळ्या... म्हणजे, त्या इंग्रजीतल्या लांबलचक पन?"

"त्याले दोन दिवस लागतात," तो म्हणाला. "मी पियुष."

नारळ कशासाठी हवा होता, हे तिने त्याला चालता चालता सांगितलं. पुढचा व्हिडिओ पाणाड्यांवर होता. बोअर खणायच्या आधी पाणाड्या येतो, तळहातावर नारळ आडवा घेतो आणि शेतातून चालतो. जिथे नारळ उभा राहील तिथे पाणी. तिच्या भातकुलीकडे, खारपाणपट्ट्यात, अशाच एका उभ्या नारळाखाली त्यांच्या घरचा बोअर घेतला गेला. पाणी लागलं, पण इतकं खारट की अंगणातला लिंबूसुद्धा वाळला.

"पन नारळ उभा कसा राहते, ते मले कॅमेऱ्यात पकडायचं हाय," ती म्हणाली. "माह्या हातावर साला राहतच नाही."

पियुषने तिच्या हातातला नारळ घेतला. "माह्या हातावर राहते," तो म्हणाला.

करिश्मा ही प्रणालीची मैत्रीण. अकोल्यातल्या एका लग्नाच्या फोटोंच्या स्टुडिओत कामाला होती आणि मालक जेवायला गेला की तिथला भारी कॅमेरा 'काहून'साठी राबायचा. दोघं पोचले तेव्हा स्टुडिओत कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास दरवळत होता. पियुषने तळहात पुढे केला, नारळ आडवा ठेवला, हळूहळू चालू लागला. फोटोसाठी टांगलेल्या रंगीत कापडाजवळ आला आणि... नारळ उभा!

"बाप्पा!" करिश्मा ओरडली.

प्रणालीने लगेच कॅमेऱ्यातलं दृश्य मंद गतीने लावलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग त्याची बाही धरून तिने त्याला कॅमेऱ्याच्या पडद्याजवळ ओढलं. त्याच्या शर्टाला उन्हाचा आणि साबणाचा वास होता, तो तिला नको तेवढा जाणवला.

"पाहा, पाहा! नारळ उठायच्या आधी तुमचा हात कलते. एवढुसा! तुमाले समजते तरी का, तुमी हात हलवता ते?"

तो पडद्याकडे पाहत राहिला. त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी कोयत्याचा जुना, वाकडा व्रण होता. मंद गतीत तो व्रण आधी खाली जात होता आणि मग नारळ वर येत होता. पियुषचा चेहरा असा उतरला की प्रणालीला वाटलं, याला ऊन लागलं.

"नाही समजत," तो म्हणाला. "आईची आन, नाही समजत."

तो व्हिडिओ पूर्ण व्हायला महिना लागला, कारण मनगटातले स्नायू कसे हलतात हे दाखवणारी चित्रं प्रणाली स्वतः शिकून बनवत होती. त्या महिन्यात दुसरंही बरंच काही झालं. पियुष भूगर्भशास्त्र शिकून अकोल्यात एका पाणी सर्वेक्षणाच्या ऑफिसात लागला होता. यंत्र घेऊन गावोगाव फिरायचा. दुसऱ्या पोरींना पोरं गुलाबाची चित्रं पाठवतात. याने पहिल्यांदा काय पाठवावं? जगात आत्ता, या क्षणी कुठे कुठे जमीन हादरतेय, ते दाखवणारा नकाशा!

'हे काय?' तिने लिहिलं.

'तुह्या आठवणीनं. कुठं ना कुठं हादरे चालूच असतात.'

ती वसतिगृहाच्या गच्चीवर एकटीच हसली. मग तिने त्याला वाऱ्याचा नकाशा पाठवला, ज्यात पृथ्वीभरचे वारे रेशमी धाग्यांसारखे वाहताना दिसतात. त्याने पक्ष्यांच्या आवाजांचा साठा पाठवला आणि खाली लिहिलं, 'टिटवीचा ऐक. सेम टू सेम तू भांडतानी.' तिने त्याला रागाने चंद्राचा नकाशा धाडला. 'जागा निवड. तिथंच जाऊन राहा.' त्याने एक विवर निवडलं आणि लिहिलं, 'दोघांले पुरन एवढं हाय.'

याला काय उत्तर द्यायचं असतं? प्रणालीने फोन उशीखाली ठेवला, काढला, पुन्हा ठेवला... 'तुमी' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, ते दोघांनाही कळलं नव्हतं.

शनिवारी तो अमरावतीला यायचा. राजकमल चौकात गाडीवर गिला वडा खायचा, मग वडाळी तलावाच्या काठाने चालायचं. तो दगड उचलून त्यांची वयं सांगायचा. ती त्याच्या बोटांकडे पाहायची आणि ऐकल्यासारखं करायची.

"तू घरचं काहून नाही सांगत कधी?" एकदा तिने विचारलं.

"अंजनगाव सुर्जीकडे गाव. पानमळा हाय. बाबा..." तो अडखळला. "बाबा मोठे मानूस हायेत तिथं."

"आमदार हायेत का?"

"त्याहीपेक्षा मोठे," तो म्हणाला, आणि विषय बदलला.

व्हिडिओ आला. 'काहून उभा राहते नारळ?' पियुषचा फक्त हात त्यात दिसत होता. पण पाहणाऱ्यांच्या मनात बसलं ते प्रणालीचं शेवटचं वाक्य, जे तिने भातकुलीचा खारट बोअर आठवून दात-ओठ खात म्हटलं होतं: "पानी नाही दिसत यायले. लबाड हायेत हे!"

व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. पाहणारे मिनिटामिनिटाला वाढत होते आणि शिव्याही. एकाने लिहिलं, 'पोरीचं आडनाव पाहा, मंग समजन काहून बोलून राहिली.' प्रणालीने ती प्रतिक्रिया काढली नाही. तिने ती सगळ्यांच्या वर टाचून ठेवली आणि खाली उत्तर दिलं: 'आडनाव पाहून झालं असन तं आता लिंका पाहा.'

देवमनांचा फोन आला. "बाई, गावात लोक विचारून राहिले मले."

"काढू का बाबा?"

"काढशील तं घरी येऊ नको," ते शांतपणे म्हणाले. "चूक असन तं दुरुस्त कर. भेवाच्या मारे काढू नको."

आणि मग पियुष आला, शनिवार नसताना. चौकातल्या गाडीपाशी उभा राहिला, पण वडा घेतला नाही.

"प्रणाली, माह्या बाबाचं नाव खुशालराव."

तिला नाव ऐकल्यासारखं वाटलं. मग आठवलं. तिच्या व्हिडिओखाली शंभर जणांनी तेच नाव लिहिलं होतं. खुशालरावांना बोलाव, मग कळेल. खुशालरावांच्या पायाची धूळ तरी आहे का तू? अंजनगाव पट्ट्यातला सगळ्यात नावाजलेला पाणाड्या.

"तू... पाणाड्याचा पोरगा?"

"हात ओळखला त्यायनं. अंगठ्यावरचा कोयत्याचा वार मले आमच्याच पानमळ्यात लागला व्हता. अख्ख्या गावानं ओळखला."

तिचे कान तापले. "अन् तू मले सांगितलं नाही! महिनाभर मले भूकंप पाठवत राहिला, अन् एवढं नाही सांगितलं?"

"मले पाह्यचं व्हतं," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला होता. "लहानपणापासून नारळ उभा राहते माह्या हातावर. मले वाटे, पानीच बोलते. मंग भूगर्भशास्त्र शिकलो, अन् पानी काहून बोलन, ते कुठंच सापडेना. कोनाले विचारू? बाबाले? तू भेटली बाजारात. मले वाटलं, कॅमेरा तरी खरं सांगन."

"अन् सांगितलं."

"हो."

गाडीवाल्याच्या कढईत तेल तडतडत होतं. मग पियुषने उरलेलं सांगितलं. येत्या गुरुवारी खुशालरावांच्याच शेतात गावातला हंगामातला पहिला बोअर. त्या दिवशी खुशालराव आपला नारळ भर लोकांत पियुषच्या हातावर ठेवणार होते. त्यांच्या घरात बापाकडून मोठ्या पोराकडे नारळ असाच जातो; पागोटं जावं तसा. आता वडिलांनी निरोप धाडला होता. तो व्हिडिओ खाली उतरला तर नारळ घ्यायला ये. नाही उतरला, तर त्या पोरीकडेच राहा.

म्हणजे एका बाजूला व्हिडिओ होता आणि दुसऱ्या बाजूला या माणसाचं घर. प्रणालीला तो मुलगा हवा होता. स्वतःशी लपवण्यात आता अर्थ नव्हता. इतका हवा होता की एका बोटाने तो व्हिडिओ पुसून टाकावा...

"तू सांग," ती म्हणाली. "काढू?"

पियुषने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याला शिवीच दिली.

"काढला तं मी तुह्याशी जन्मात बोलनार नाही."

"मंग आला कायले?"

"भांडायले." त्याने फोन काढला. "व्हिडिओ बरोबर हाय. एक शब्द चुकला. लबाड."

"लबाड नाही तं काय!"

"तुह्या खालची चौथी लिंक तू वाचली का?"

चौथी लिंक इंग्रजीतली होती, लांबलचक. व्हिडिओ टाकायच्या वेळी करिश्मा घाई करत होती. प्रणालीने ती अर्धी वाचून टाकून दिली होती. तिने, जी जगाला 'खुद पाहा' म्हणते तिने!

"मी वाचली," पियुष म्हणाला. "दोन दिवस लागले. त्यात लिवलं हाय, हात हलवणाऱ्याले आपला हात हलते हे समजतच नाही. तो फसवत नसते. तो सोताच फसते. बाबा खोटं बोलत नाही प्रणाली. त्यायले मनापासून वाटते."

तिने तिथेच, गाडीपाशी, उन्हात उभ्याने ती लिंक शेवटपर्यंत वाचली. अनोळखी शब्द अडले की तो हळूच सांगायचा. वाचून झालं तेव्हा तिला रडू येत होतं. आणि तिला रडू आलं की ती जास्तच भांडखोर दिसायची.

"शब्द काढते," ती म्हणाली. "व्हिडिओ नाही काढत."

"मी कुठं म्हटलं काढ?"

त्या संध्याकाळी तिने कॅमेऱ्यासमोर बसून सांगितलं की तिचा एक शब्द चुकला, कसा चुकला, आणि चौथ्या लिंकेत काय लिहिलंय. तिच्या चाहत्यांनाच ते रुचलं नाही. काहींनी लिहिलं, घाबरली. प्रणालीने दात आवळले आणि ठरवलं. गुरुवारी त्या शेतात जायचं आणि माफी तोंडावर मागायची.

गुरुवारी सकाळी अंजनगावच्या अलीकडे ती आणि करिश्मा एसटीतून उतरल्या, तेव्हा शेताच्या बांधावर अर्धं गाव जमलं होतं. बोअरची गाडी लिंबाखाली उभी होती. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, ताठ कण्याचे खुशालराव मधोमध उभे होते. निरोप न जुमानता आलेला पियुष त्यांच्यासमोर. शेजारी त्याची आई, जमुनाबाई, पदर दाताखाली धरून.

"हेच ते पोरगी," कुणीतरी म्हणालं.

खुशालरावांनी मान वळवली. "लबाड पाहायले आली का?"

प्रणालीची हनुवटी वर होती.

"नाही काका. लबाड म्हटलं, त्याची माफी मागायले आली. माह्याच कागदात लिवलं व्हतं की तुमी लबाड नाही, अन् मी वाचलं नाही. माहं चुकलं."

गर्दीत कुजबुज झाली. खुशालरावांचा चेहरा किंचित सैल झाला.

"मंग व्हिडिओ काढला?"

"नाही. तो बरोबर हाय."

"हे कोनती माफी वं!"

"चुकीची माफी असते काका. खऱ्याची कशी मागू?"

खुशालरावांनी नारळ पियुषच्या तळहातावर ठेवला. "दाखव इले," ते म्हणाले.

पियुष चालला. बांधापासून नाल्याकडे, तापलेल्या काळ्या ढेकळांवरून. नाल्याच्या कडेच्या जांभळीजवळ नारळ उभा राहिला. लोकांनी आरोळी ठोकली, कुणीतरी धावत जाऊन त्या जागी चुन्याची फक्की टाकली. पण पियुष तिथून हलला नाही. त्याने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि सगळ्यांच्या देखत प्रणालीसमोर धरला.

"बांध."

"पियुष..."

"खाली पानी असन तं डोळे झाकल्यानं ते कुठं पळून जानार हाय? बांध, प्रणाली."

तिने त्याच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. गाठ मारताना तिची बोटं त्याच्या मानेला लागली. मान घामाने ओली होती. बाप, आई, घर, सगळं पणाला लावून हा माणूस उभा आहे हे तिला त्या स्पर्शात कळलं. करिश्माने मोबाईल वर धरला. चॅनलवर थेट प्रक्षेपण चालू झालं.

पियुषला दोनदा गोल फिरवलं आणि सोडलं. नारळ शेताच्या मध्यावर उभा राहिला. तिथे फक्की पडली. पुन्हा फिरवलं, पुन्हा सोडलं. या वेळी पार बांधाच्या कोपऱ्यात. त्यानंतर विहिरीच्या बाजूला. जांभळीकडे मात्र नारळ एकदाही उठला नाही.

"म्या मुद्दाम नाही करून राहिलो बाबा," पियुष डोळ्यांवरची पट्टी न काढता म्हणाला. "तुमची आन. डोळे उघडे असले की जांभूळ दिसते, नाला दिसते, हाताले वाटते इथं पानी असन. अन् तो कलते. हाताले जमिनीखालचं काही मालूम नसते."

"पोट्टं शिकून बिघडलं!" बांधावरून एक म्हातारा ओरडला.

खुशालरावांनी हात वर करून त्याला गप्प केलं. ते पुढे आले. पियुषच्या हातातून नारळ घेतला, आणि दुपट्टा सोडून प्रणालीच्या हातात दिला.

"माह्या डोयावर बांध, पोरी."

जमुनाबाई म्हणाल्या, "अवं, राहू द्या ना..."

"बांध म्हनतो ना मी!"

तिने बांधला. खुशालराव चालले, सावकाश, ज्या पावलांवर पंचक्रोशीने विश्वास टाकला होता त्या पावलांनी. नारळ उभा राहिला. त्यांनी स्वतःच पट्टी वर केली, पाहिलं. ती जागा कुठल्याच खुणेजवळ नव्हती. "अजून एकडाव," ते म्हणाले. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी पट्टी पूर्ण काढली आणि शेतभर पडलेल्या त्या पांढऱ्या ठिपक्यांकडे पाहत राहिले.

प्रणालीला जिंकल्यासारखं मुळीच वाटलं नाही. तिला त्या माणसाचा हात धरावासा वाटला.

"मले वाटे पानी बोलते," खुशालराव म्हणाले. "देवाशपथ वाटे."

"मालूम हाय काका," ती म्हणाली. "म्हनून तं तो शब्द चुकला."

"मंग आता बोअर कुठं घ्याचा? तुह्या मोबाईलात?"

"उद्या यंत्र लावतो मी," पियुष म्हणाला. "सरकारी पाण्याचे नकाशे हायेत, ते कोनालेही उघडता येतात. तुमीबी पाहा. यंत्र काही देव नाही बाबा, तेबी चुकते. पन चुकलं तं काहून चुकलं, ते सांगता येते."

मग तो वळला. कपाळावर दुपट्ट्याचे वळ उमटलेले, पापण्यांवर माती. प्रणालीच्या इतक्या जवळ आला की तिला मागे सरकावंसं वाटलं, आणि ती सरकली नाही.

"आता मले एक बोलायचं हाय," तो म्हणाला. "बोअरचं नाही."

"पियुष, लोक हायेत..."

"असू दे. माह्या जिंदगीत मी एक गोष्ट लपवली, अन् त्याचा केवढा घोळ झाला! दुसरी नाही लपवत. मले तू आवडते, प्रणाली. बाजारात नारळाशी भांडून राहिली व्हती तवापासून. तुह्या सगळ्या लिंका मी विज्ञानासाठी नाही उघडल्या... म्हनजे, विज्ञानासाठीच उघडल्या, पन..."

"पन?"

"पन ज्या गोष्टी तू वाचते, त्या मले वाचायच्या व्हत्या."

"पनू," करिश्मा कुजबुजली, "लाईव्ह चालू हाय बे! बंद करू का?"

प्रणालीने मोबाईलकडे पाहिलं. हजारो लोक पाहत होते. त्यात तिचे सर असतील, आडनावं पाहणारे असतील, भातकुलीत चष्मा लावून बसलेले देवमन तर नक्कीच असतील. तिचे गाल पेटले होते.

"राहू दे चालू," ती म्हणाली. आणि तिने पियुषचा हात धरला, तोच, अंगठ्यावर व्रण असलेला. "मलेबी तू आवडते. केव्हापासून ते नाही सांगत. तुले लय माज येईन."

कुणीतरी शिट्टी वाजवली. तेवढ्यात तोच बांधावरचा म्हातारा पुन्हा ओरडला, "खुशालराव, पोरगी कोनाची हाय, इचारलं का? आपल्यातली नाही ते! उद्या घरात घेशीन का इले?"

पियुषचा हात तिच्या हातात ताठ झाला. प्रणालीने तो सोडला नाही. सगळे खुशालरावांकडे पाहत होते. त्यांनी टोपी काढली, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा घातली.

"आज सकाऊन माह्या शेतात माहं एवढं जुनं ग्यान खोटं निघालं," ते म्हातार्‍याला म्हणाले. "आता तुहं खरं धरून कायले बसू? जमुने, घरी चाल. भाकरी टाक. हे दोघी जेवाले हायेत."

जमुनाबाईंनी दातातला पदर सोडला. त्या प्रणालीजवळ आल्या, तिच्या केसांतलं गवताचं काड काढून टाकलं आणि पुढे चालू लागल्या.

खुशालराव मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी तिला एकदा वरपासून खालपर्यंत निरखलं. नजरेत अजून बरंच भांडण शिल्लक होतं.

"एक सांग पोरी. शब्द मागं घेतला तसं माह्या पोरालेबी उद्या मागं घेशील?"

"शब्द चुकला व्हता काका," प्रणाली म्हणाली. "हा नाही चुकला."

आणि हे ती एवढ्या मोठ्याने म्हणाली, की बांधावरच्या शेवटच्या माणसालाही ते पुन्हा विचारावं लागलं नाही.